मु. पो. रॉड्रिग्ज

ती. आई-बाबांस,

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "रॉड्रिग्ज म्हणजे आपल्या वसईचे का?" अहो, माणूस नव्हे, बेट आहे! मॉरिशसहून विमानानं दीड तास पूर्वेला. कुणा पोर्तुगीज दर्यावर्द्याचं नाव त्याला चिकटलंय. जमीन जेमतेम १०८ चौरस किलोमीटर आणि भोवती प्रवाळानं अडवलेलं उथळ पाणी त्याच्या दुप्पट.

आम्ही उतरलो पोर्ट स्यूद-एस्तला, मच्छीमारांच्या वस्तीत. पोचल्या पोचल्या तुमच्या जावयांनी घरमालकीणबाईंना विचारलं, "इथे पॉइंट किती?" (महाबळेश्वर डोक्यातून जात नाही.) बाईंनी समुद्राकडे हात केला. "एकच. पण दिवसातून दोनदा बदलतो."

बदलतो खरा. ओहोटी लागली की गावच्या बायका डोक्यावर रुंद टोपी, पायात गमबूट आणि हातात लोखंडी सळई अशा थाटात सरळ समुद्रात चालू लागतात. ऑक्टोपस धरायला! खडकाच्या फटीत कोण दडलंय ते त्यांना वरून कळतं. मला बोटानं दाखवलं तरी खडकच दिसला. धरलेले ऑक्टोपस मग काठ्यांवर वाळत टांगतात. आई, डोळे मिटले की थेट अर्णाळ्याचा वास.

आणि शिस्त बघ. २०१२ पासून इथे वर्षातले काही आठवडे ऑक्टोपसला हात लावायचा नाही, म्हणजे पिल्लं वाढतात. तेवढ्या दिवसांत पोटाला चिमटा बसू नये म्हणून किनारा झाडण्यासारखी कामं मजुरीवर देतात. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात तेव्हा असं काही का सुचू नये?

आम्ही मात्र आराम करायला आलो होतो. ह्यांनी वहीत लिहिलं, 'निवांतपणा – ९ ते ११'. पावणेदहाला म्हणाले, "झाला. आता काय?"

आता जेवण. कांदा, लिंबू, मिरची घालून ऑक्टोपसची कोशिंबीर. "आठ पायांचं मी काही खात नाही," असं ह्यांनी आधीच जाहीर केलं होतं. (खेकड्याला दहा असतात, म्हणून तो चालतो.) दुसऱ्यांदा वाढून घेताना पाय मोजायचे थांबले.

बेटावर घाई म्हणून दिसली ती फक्त पोर्ट माथुरँच्या शनिवारच्या बाजारात. पहाटे भरतो, उन्हं चढायच्या आत उठतो. तिथून तुझ्यासाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी घेतलीय. भलतंच तिखट आहे, बाबांना आधी बोटभरच दे.

बाबा, मासळीचा भाव मुद्दामच लिहीत नाही. तुम्ही लगेच रुपयांत हिशेब करणार, आणि इकडे आलात की ताटाला हात लावणार नाही.

तुमची लेक