एका दिवसात दोन स्थळं

अमेरिकेतल्या साउथ डाकोटात एका दिवसात दोन स्थळं 'उरकायची' असं ठरलं. सकाळी बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यान. कोट्यवधी वर्षांच्या मातीच्या थरांना आम्ही वीस मिनिटं दिली. त्यातली बारा तिखटमिठाच्या पुऱ्यांनी खाल्ली. मावशी म्हणाल्या, "आपल्याकडे असतं, तर एव्हाना इथे प्लॉट पडले असते!"

दुपारी माउंट रशमोर. डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्ष, एकेक चेहरा ६० फुटी. काम १९२७ ते १९४१ चाललं. बेत कमरेपर्यंतचा होता. पैसे आटले आणि गाडं गळ्याशीच अडलं. हे ऐकून आमच्यातल्या निवृत्त कंत्राटदार काकांना परदेशात पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

रशमोर ज्यांत आहे ते ब्लॅक हिल्सचे डोंगर १८६८च्या तहात लाकोटा आणि इतर सू या इथल्या मूळ रहिवाशांना लिहून दिलेले. पुढे सोनं सापडलं आणि सरकारला तहाचा विसर पडला. १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं भरपाई मंजूर केली. सू लोकांनी ती अजून उचललेली नाही. त्यांना डोंगरच हवेत.

आम्ही मात्र फ्रिजवर लावायचे चार चुंबक घेतले आणि डोंगर 'पाहून झाला' म्हणून कळवून टाकलं.