माजघरातलो दहीकालो

जुलैमध्ये कुडाळात सकाळी सहाला मोबाईल वाजला, तर तो गजर नसतो. शाळेच्या ग्रुपवर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आलेला असतो. रेड अलर्ट, शाळांना सुट्टी. भंगसाळीचं पाणी किती चढलं हे विचारायच्या आधी आमच्याकडे विचारलं जातं, 'पोरांना दिवसभर कोण बघणार?' मुलगा आणि सून नोकरीला, आणि त्यांच्या ऑफिसांना अतिवृष्टी लागू होत नाही. राहिलो मी.

गेल्या पावसात अशाच एका सकाळी सुनेने जाता जाता माझ्या मोबाईलवर एक यादी पाठवली. घरातल्या घरात मुलांना गुंतवून ठेवणारे पंचवीस खेळ. रेनकोटची बटणं लावत म्हणाली, "बाबा, टीव्ही मात्र नको हां." थोरला आठ वर्षांचा, धाकटी पाचाची. पंचवीस खेळ संध्याकाळपर्यंत सहज पुरतील असा माझा हिशेब होता. मी आयुष्यभर हिशेबच लिहिले.

पहिला खेळ डाळी रंगांप्रमाणे वेगळ्या करण्याचा. त्याने म्हणे एकाग्रता वाढते. वेगळ्या करायच्या तर आधी एकत्र करायला हव्यात, म्हणून मी कुळीथ, मूग, मसूर आणि उकडे तांदूळ एका परातीत ओतले. तेवढा भाग पोरांना फार आवडला. निवडायची वेळ आली तेव्हा थोरल्याला बाथरूमला लागली आणि धाकटीला झोप आली. मागून आमची ही आली. परातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ह्यां कोणी केल्यान?" उत्तर तिला ठाऊक होतं. पुढचा पाऊण तास परात माझ्या मांडीवर होती. एकाग्रता वाढली, पण माझी.

मग मी यादी बाजूला ठेवली आणि कपाटातला ठेवणीतला माल काढला. सावंतवाडीच्या राजवाड्यातून आणलेला दशावतारी गंजिफाचा संच. हाताने रंगवलेली गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, एकूण १२०. ही कला विझायला आली होती, ती शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली, इथपासून मी सुरुवात केली. "प्रत्येक अवतारात एक राजा असतो, एक प्रधान असतो..." आणि मान वर केली तर समोर कोणी नाही. धाकटीने कोपऱ्यात भातुकलीची चूल पेटवली होती. "आजोबा, घावणे होये?" पान गोल असलं की ते घावणच, यावर तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. कूर्म, वराह, वामन सगळे ओळीने तव्यावर पडत होते. मत्स्याची बारा पानं मात्र तिने वेगळी काढली, त्यांना हळद चोळली आणि तळायला घातली. तिचंही चुकलं म्हणवत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, घरात महिनाभर ताजा बांगडा दिसला नव्हता. हळद खरी होती हे मला नंतर कळलं. मत्स्याचा राजा अजून पिवळा आहे.

अकराच्या सुमारास कुठेतरी झाड पडलं आणि लाईट गेली.

थोरल्याची सहल पिंगुळीला जाऊन आली होती. पिंगुळी आम्हाला हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर मंडळींनी चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपले. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांचं म्युझियम उभं राहिलं ते घरच्या गोठ्यात. सहलीतून पोराने एवढंच उचललं होतं की अंधार झाला की पडदा बांधायचा. पडद्याला माझी पांढरी लुंगी गेली. आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा कापून रावण झाला. सहाच तोंडं मावली. "बाकीची चार मागे आसत," असं मला सांगण्यात आलं. रावण टॉर्चजवळ नेला की लुंगीभर होतो आणि लांब नेला की उंदराएवढा, हे एकदा कळल्यावर रामायण तिथेच थांबलं. तासभर रावण फक्त लहानमोठा होत राहिला. यादीतल्या एकाही खेळाला एवढं आयुष्य नव्हतं.

शेवटी धाकटीने हुकूम सोडला, "आता दहीकालो!"

इथल्या पोरांना दहीकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, शिकवावा लागत नाही. जत्रेत आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत बघितलेला असतो, तो अंगात मुरतो. लेखी संहिता नसते, आख्यान तेवढं ठाऊक असावं लागतं, संवाद जागच्या जागी सुचतात. सामान म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ. आमचं ओटीवरचं बाकडं माजघरात आलं. आजीने तांदळाचा डबा पुढ्यात घेतला, हा पखवाज. प्रल्हादाच्या जागी उशी. आख्यान नरसिंहाचं ठरलं तेव्हा मी घसा खाकरून हिरण्यकश्यपू मागितला. भरदार आवाजाबद्दल ऑफिसात माझी ख्याती होती.

"राजा मी," थोरला म्हणाला. धाकटीने केशरी टॉवेलची आयाळ बांधली, म्हणजे नरसिंहही गेला.

"मग मी कोण?"

"खांब."

मला चटईत उभा गुंडाळून सुंभाने बांधला. "हलूचा नाय, बोलूचा नाय," नरसिंहाने बजावलं. डबा वाजू लागला. राजा बाकड्यावर चढून उशीवर गरजला, "खंय आसा रे तुझो देव? ह्या खांबात आसा?" आणि उडी मारून त्याने खांबाला लाथ घातली, नेमकी डॉक्टरांनी जपायला सांगितलेल्या गुडघ्यावर. आता नरसिंहाने माझ्या मागून प्रगट व्हायचं. होईना. डबाही थांबला होता. आजी केव्हाच उठून स्वयंपाकघरात गेली होती, तिथून खऱ्या घावण्यांचा वास येत होता, आणि नरसिंह तिकडे प्रगट झाला होता. मागोमाग राजा गेला. उशी पडून राहिली. जागच्या जागी संवाद रचायची सोय नटाला असते, खांबाला नसते. हात चटईच्या आत, गाठ पाठीमागे.

किती वेळ गेला कोण जाणे. पुढचं दार वाजलं. ऑफिस लवकर सुटलं असावं, सून चिंब भिजून आत आली. अंधारात रेनकोट काढला, खुंटी चाचपली आणि हाताला लागलं त्यावर तो टांगला. रेनकोटाचं पाणी खांबाच्या कॉलरमधून पाठीवर उतरलं. खांब शहारला, तशी ती किंचाळली. मग टॉर्च माझ्या तोंडावर धरून बराच वेळ बघत राहिली.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "यादीतलं काय काय झालं?"

मी तोंड उघडणार तोच स्वयंपाकघरातून, घावणाने भरल्या तोंडाचा आवाज आला.

"आई, खांब बोलणा नाय!"