उमेदवाराचे दात

दातांच्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षपदाला उभं राहणाऱ्यानं पत्रकावरच्या फोटोत हसावं की तोंड मिटून बसावं, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी हसलो. पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पडलं आणि प्रचाराऐवजी तपासणीच सुरू झाली. आमच्यात एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. बहुतेकांनी दखल घेतली. 'सर, खालचे पुढचे दात गर्दीत आहेत, अलायनर्स का नाही लावत?' हे ऑर्थोवाले. 'सुळ्यापाशी हिरडी सरकलीय, ब्रश फार जोरात घासता का?' हे पेरिओवाले. ओरल पॅथॉलॉजीच्या एका बाईंनी फोटो मोठा करून विचारलं, 'ओठाच्या कोपऱ्यावरचा तो डाग कधीपासून आहे?' त्या रात्री मला झोप नाही. सकाळी कळलं, डाग डिझाइन करणाऱ्या पोराच्या हातून पडला होता. फोटोखाली माझा पाच कलमी कार्यक्रम होता. त्याबद्दल कुणाचीही तक्रार आली नाही, कारण तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

मुळात मी सांगलीकडचा साधा दाढा भरणारा माणूस. शाखेचा सचिव होतो, म्हणजे वर्गणीसाठी फोन करायचे आणि व्याख्यानाला पनीरची भाजी पुरेल का ते बघायचं. अशाच एका व्याख्यानानंतर जेवणाच्या रांगेत एक ज्येष्ठ सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'तुम्ही आता दिल्लीला जायला हवं.' मी अर्ज भरून टाकला. ते दिल्लीत भरणाऱ्या डेंटल साहित्याच्या प्रदर्शनाबद्दल बोलत होते, हा खुलासा माघारीची मुदत संपल्यावर झाला.

भाषणाचं मात्र मला भय नव्हतं. उभी हयात बोलण्यात गेली आहे. फक्त ज्यांच्याशी बोलतो त्यांच्या तोंडात सक्शनची नळी, कापसाचे बोळे आणि माझी दोन बोटं असतात. उसाच्या दरापासून क्रिकेटच्या निवड समितीपर्यंत माझ्या कुठल्याही मताला आजवर 'आँ' यापलीकडे विरोध झालेला नाही. अशा माणसाला आपण वक्ता आहोत असं वाटू लागणं साहजिक आहे.

तर एका अधिवेशनात, जेवणाआधी, मला बोलायला उभं केलं. मी पार डॉ. रफीउद्दीन अहमदांपासून सुरुवात केली. जन्म 24 डिसेंबर 1890, म्हणून आपण त्या दिवशी दंतवैद्यक दिन पाळतो. अमेरिकेतल्या आयोवातून पदवी घेऊन आले. 1920 साली कलकत्त्यात देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. आणि त्या कॉलेजचा खर्च कशातून चालला? तर कलकत्त्यातच काढलेल्या 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' या दुकानातून. (गोड सोडा पाजून दातांचं कॉलेज चालवायचं! दूरदृष्टी म्हणतात ती ही.) इथून मी 1948चा डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट गाठणार होतो, तिथून 2023चा नॅशनल डेंटल कमिशन कायदा, निवडून येणाऱ्यांच्या जागी नेमलेले लोक, त्यावर माझी सडेतोड भूमिका. पण 'सोडा' हा शब्द ऐकताच मागच्या रांगेतून आवाज आला, 'काउंटर सुरू झालं का?' सभागृह उठलं. माझी सडेतोड भूमिका माइकवाल्यानं ऐकली. त्याची अक्कलदाढ दुखत होती, तीही बघून दिली.

मग फोनवरून प्रचार. माझं हिंदी आमच्या मिरज जंक्शनच्या उद्घोषणांवर पोसलेलं. 'सर, आपका आशीर्वाद चाहिए' म्हटलं की पलीकडून 'जरूर, जरूर' येई. वहीत मी त्या नावापुढे हिरवी खूण करायचो. वही हिरवीगार झाली. सौ. म्हणाली, 'अहो, वसुलीला फोन केला तरी लोक जरूरच म्हणतात.' तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं. तिला संघटनेच्या कामाचा अनुभव नाही.

कोइमतूरच्या एका डॉक्टरांनी तर फारच आपुलकीनं ऐकून घेतलं. माझं अनुभव, सेवा, पारदर्शकता असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, 'ठीक है, कंपोझिट के किट पे ऑफर क्या है?' ते मला डीलर समजत होते. मी उमेदवार आहे असं सांगितल्यावर त्यांचा आवाज पडला. तो पडलेला आवाज मला सोसवेना, म्हणून मी म्हणालो, 'दो पे एक फ्री.' त्यांनी लगेच पत्ता लिहून पाठवला, पिनकोडसकट.

मतपत्रिका पोस्टानं जायच्या आणि पोस्टानंच यायच्या. पसंतीच्या नावापुढे बरोबरची खूण करा, असं वर ठळक छापलं होतं. तरी मोजणीत बऱ्याच पत्रिकांवर माझ्या नावापुढे फुली निघाली. माझा प्रतिनिधी भांडू लागला की फुली म्हणजेसुद्धा मतच, मतदाराचा हेतू बघा. मोजणीला बसलेले अधिकारी जुने ओरल सर्जन. त्यांनी चष्मा वर केला. 'डॉक्टर, दातांच्या तक्त्यात फुली म्हणजे काय?'

प्रतिनिधी गप्प. तक्त्यात फुली म्हणजे दात नाही, किंवा आहे पण काढायचा आहे. हे फर्स्ट इयरचं पोरगंही सांगेल. इतर उमेदवारांच्या नावापुढे फुल्या जवळजवळ नव्हत्याच, ही गोष्ट मग मी ताणली नाही. धरल्या असत्या तरी पडलोच असतो. निवडून आलेल्या गृहस्थांनी पत्रकावर तोंड मिटलेला फोटो दिला होता.

पुढच्याच आठवड्यात कोइमतूरहून फोन. पराभवाबद्दल दोन शब्द बोलतील म्हणून मी घसा साफ केला.

'सर, वो किट अभी तक आया नहीं.'

मी सांगलीतल्या आमच्या डीलरकडे गेलो, दोन किट घेतली, तिसरं स्वतःच्या खिशातून घातलं आणि कुरिअर केलं. त्या दोनांचे पैसे अजून यायचेत. तगादा मात्र लावत नाही. पुढच्या निवडणुकीला निदान कोइमतूरचं एक मत तरी पक्कं हवं.