निष्ठेची बदली दिल्लीला

20 मार्च 2022 ला गोव्यातल्या फातोर्ड्यात हैदराबाद एफसीने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून आयएसएल ही फुटबॉल लीग जिंकली. पेनल्टी अडवणारा हैदराबादचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी गोव्याचाच, म्हणजे मैदान घरचंच! पुढे पगार थकले, खेळाडू पांगले आणि 2023-24 मध्ये 22 सामन्यांत संघाला अवघा एक विजय मिळाला. तरी ‘डेक्कन लीजन’ या चाहता-गटाचे निष्ठावंत गच्चीबौलीच्या घरच्या मैदानात येतच राहिले. पुढच्या मोसमात बघा म्हणे! बघितलं. 2025 मध्ये क्लबच नाव बदलून दिल्लीला गेला. संघ हरला तरी चाहत्याने साथ सोडू नये, असा दंडक आहे. क्लबला तो लागू नसावा. आशावादी मात्र खुशीत आहेत: निदान आता हैदराबाद हरत तरी नाही.