घाई नाही

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात 2020 च्या जनगणनेत माणसं भरली पावणेसहा लाख. गाईगुरं त्याच्या दुप्पट. तेव्हा तिथे शेजार बघायचा तर माणसाआधी त्याची गुरं बघावीत. पण शेजार कुठे निवडता येतो? दर खोऱ्यात एक गृहस्थ असा असतोच, ज्याच्या गाईंना घरचं कुरण मानवत नाही.

आपल्याकडे त्याची गुरं केव्हाच कोंडवाड्यात गेली असती. 1871 चा कायदाच आहे: दुसऱ्याच्या पिकात शिरलं की धरा, कोंडा, मालकाकडून दंड घ्या. वायोमिंगमध्ये सगळं उफराटं. गाय मोकळी फिरणार. ती आपल्या रानात नको असेल तर कुंपण आपण घालायचं. मेंढी मात्र तिच्या मालकानंच आवरायची. कायदा करणाऱ्यांच्या दावणीला काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे हा गृहस्थ निर्धास्त. ग्लिडननं काटेरी तारेचं पेटंट घेतलं 1874 साली. याच्या मते तो प्रयोग अजून चालू आहे, निकाल लागेपर्यंत खर्च कशाला? त्याच्या कुंपणात तार कमी आणि गवताच्या गठ्ठ्यांची नायलॉनची सुतळी जास्त. भगदाड मोठं असेल तर तिथे जुन्या पलंगाची लोखंडी चौकट उभी. खांब कलला की दोष एल्कच्या कळपाचा. एल्क, म्हणजे तिकडचं दांडगं हरीण, कुंपणं खरोखरच मोडतं, त्यामुळे त्याला खोटं पाडायचीही सोय नाही.

सामाईक कुंपणाची तिकडची जुनी रीत अशी: दोघांनी मध्यावर समोरासमोर उभं राहायचं आणि आपापल्या उजव्या हाताचा भाग सांभाळायचा. पण हा समोर उभा राहील तर ना! हा खांद्यावर हात टाकून तुमच्या बाजूला उभा राहतो, पावसाचं काय ते विचारतो, आणि दोघांचेही उजवे हात एकाच दिशेला येतात. तो भाग अर्थात तुमचा. उरलेला देवाचा.

फोनवर भांडायचं नाही, ही त्या मुलखाची शिस्त. ‘‘तुझ्या काही गाई इकडे आल्यात. घाई नाही,’’ एवढंच शेजारी म्हणतो. हा खरोखरच घाई करत नाही. तिसऱ्या दिवशी निवांत येतो आणि गाईंकडे कौतुकानं बघत म्हणतो, ‘‘अंगानं भरल्यात की!’’

वळूचं प्रकरण त्याहून नाजूक. शेजाऱ्यानं पदरमोड करून काळ्या अँगस गाईंचं शुद्ध कूळ राखलेलं. याचा पांढऱ्या तोंडाचा हेरफर्ड वळू एका रात्री सुतळी ओलांडतो आणि पुढच्या वसंतात काळ्या गाईखाली पांढऱ्या तोंडाचं वासरू उभं राहतं. वडील कोण, हे कागद काढून बघावं लागत नाही. हा वासराला न्याहाळतो आणि मोठ्या मनानं सांगतो, ‘‘मी काही पैसे मागत नाही हं.’’

अशा माणसाशी उभा दावा मांडावा तर तेही जमत नाही. वासरांना डाग द्यायच्या दिवशी सगळ्यात आधी याचाच घोडा दारात. दिवसभर दोर टाकून वासरं ओढणार, मजुरीचं नाव नाही. रानाला वणवा लागला की पाण्याची टाकी पिकअपवर चढवून हाच पुढे. मार्चच्या बर्फात गाय अडली, तर मध्यरात्री साखळी घेऊन येणार आणि गोठ्यात कोपरापर्यंत हात घालून वासरू सोडवणार. पहाटे कॉफी पिताना त्याच्याच गाई खिडकीबाहेर तुमचं गवत खात असतात. तेव्हा बोलायचं तरी काय?

अखेर शेजारी कंटाळतो. अख्खं कुंपण, म्हणजे त्याचा उजवा भाग आणि देवाचाही, स्वतःच्या खर्चानं नवं करतो. पाच पदरी तार, पोलादी खांब. हा बघायला येतो. तार बोटानं छेडून पाहतो, खांब हलवून पाहतो, आणि समाधानानं म्हणतो, ‘‘बरं केलंस. आता तुझी गुरं माझ्याकडे येणार नाहीत.’’