एकांडा शिलेदार लिस्बनला उतरतो

एकट्याने युरोपला जाण्याची साथ सध्या पुण्या-मुंबईत जोरात आहे. पूर्वी माणसं वैतागली की हिमालयात निघून जाण्याच्या धमक्या देत. त्यात एक मोठी सोय होती, ती म्हणजे कोणी जात नसे. हल्ली माणूस खरंच जातो, आणि जाण्याआधी महिनाभर आपण जातोय असं सगळ्यांना कळवत राहतो. मराठ्यांच्या फौजेत अशा गड्याला एकांडा शिलेदार म्हणत. पण शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. आमच्या शिलेदाराचं विमानाचं तिकीट हप्त्यांवर आहे, त्यामुळे जुन्या हिशेबाने त्याची भरती बारगिरात व्हायला हवी.

हे एकटं जाणंही किती जणांच्या परवानगीने होतं पाहा. शेंगेन व्हिसासाठी कंपनीचं रजेचं पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचा तपशील, राहण्याचं बुकिंग आणि किमान 30,000 युरोंचा विमा लागतो. या विम्यात आजारपणाबरोबर मृतदेह मायदेशी पोचवण्याचा खर्चही धरलेला असतो. म्हणजे स्वतःला शोधायला निघालेल्या माणसाने आपण कोणत्या रात्री कुठल्या खोलीत सापडू ते आधी लेखी द्यायचं, आणि थंड अवस्थेत सापडलो तर परतीच्या भाड्याचीही तजवीज करून ठेवायची. शिलेदार हे सगळं निमूटपणे करतो. आई बॅगेच्या कोपऱ्यात मेतकुटाची पुडी सरकवते. तिला विम्याचं कलम वाचायला दिलेलं नसतं.

लिस्बनच का? तर पॅरिसला काय, सगळेच जातात. ही गोष्ट त्याला ज्या व्हिडिओने सांगितली, तो व्हिडिओही सगळ्यांनीच पाहिला होता.

एक मात्र खरं, शोध लावायला निघालेल्याने याहून योग्य गाव निवडलं नसतं. शोधांच्या धंद्याची ही मूळ पेढी. 1497 च्या जुलैत वास्को द गामा इथल्याच बेलेमहून निघाला आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतला पोचून त्याने भारत 'शोधला'. शोध कसा लावला तेही नोंदलेलं आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला त्याने वाट माहीत असलेला एक वाटाड्या गलबतावर घेतला. कालिकत आल्यावर स्वतः न उतरता बरोबर आणलेल्या एका शिक्षा झालेल्या कैद्याला आधी किनाऱ्यावर धाडलं. त्या कैद्याला पहिले भेटले ते ट्युनिसचे दोन व्यापारी, आणि ते चक्क स्पेनची कॅस्टिलियन बोलत होते! पुढे कालिकतच्या राजासाठी, म्हणजे सामुद्रीसाठी, आणलेला नजराणा उघडला, तर आत टोप्या, हात धुण्याची भांडी, साखर, तेल, मध. दरबारी माणसांना हसू आवरेना. तरीही वास्को घरी परतला तो शोधक म्हणूनच. जिथे सगळे आधीच बसलेले आहेत तिथे शेवटी पोचून पहिलं पत्र आपण लिहायचं, ही ती विद्या. पाचशे वर्षांत तिच्यात एवढीच सुधारणा झाली की मालिंदीचा वाटाड्या आता फोनमध्ये बसतो.

हा वाटाड्या चढाविषयी बोलत नाही. तो म्हणतो सहा मिनिटं. लिस्बन टेकड्यांवर वसलेलं आहे, आणि तिथले पदपथ चुनखडीच्या काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचे. दिसायला रांगोळी, चालायला शेवाळलेला घाट. त्यावरून चाकांची बॅग ओढली की आल्फामा या अख्ख्या जुन्या वस्तीला कळतं, आणखी एक आला. खिडकीतली आजी वर बघत नाही. तिने आज सकाळपासून बरेच शोधक ऐकलेले असतात.

1755 च्या 1 नोव्हेंबरला, ऐन सणाच्या सकाळी, भूकंप, समुद्राची लाट आणि आग अशा तिघांनी मिळून हे शहर पाडलं. नदीकाठचा खालचा भाग नंतर पट्टीने आखून बांधला. उंचावरचं आल्फामा बरंचसं वाचलं, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून वेड्यावाकड्या आहेत आणि घराघरांतून दोरीवर कपडे वाळताहेत. शिलेदार थांबतो. हा गडी गिरगावच्या चाळीत वाढला. गॅलरीत फोटो काढताना 'आधी ती दोरी काढा' म्हणून आईवर ओरडण्यात त्याचं लहानपण गेलं. इथे तो गुडघा टेकून एका परक्या बाईची चादर, दोन बनियनं आणि एक पायजमा वेगवेगळ्या प्रकाशात टिपतो आणि खाली लिहितो, 'खरं लिस्बन'. आता आल्फामातली कितीतरी घरं पर्यटकांना रोजावर दिली जातात. त्यामुळे दोरीवरचा टॉवेल आजीचा की कालच उतरलेल्या दुसऱ्या शिलेदाराचा, हे फोटोत कळायला मार्ग नाही.

मग 28 नंबरची पिवळी ट्राम. तिच्यासाठी मार्तीं मोनीझला रांग असते, आणि विरारला उलट्या दिशेने चढून जागा पकडण्याची त्याची सारी विद्या त्या रांगेत वाया जाते. ट्राममध्ये खिसेकापूंपासून सावध राहण्याच्या सूचना आहेत. गाडीचा दुसऱ्या टोकाचा थांबा आहे दफनभूमीशी. विमा पाहता हेही सोयीचंच. पण रांग हलत नाही आणि समोर उभी असते, चक्क रिक्षा! विजेवर चालणारी, रंगवलेली, तीन चाकांची. तिला मीटर नाही, चालक तोंडाला येईल तो आकडा सांगतो. ठाण्यात स्टेशनबाहेर सुट्ट्या दहा रुपयांवरून लोकशाही धोक्यात आणणारा हा माणूस युरो मोजून देतो, वर हसून चालकाबरोबर सेल्फी काढतो.

जेवणाची कथा जरा सविस्तर सांगायला हवी. टेबलावर बसताक्षणी वेटर न विचारता पाव, ऑलिव्ह आणि चीज मांडून जातो. मराठी मन या आदरातिथ्याने भरून येतं. आपल्याकडे खानावळीत कांदा-लिंबू येतं तसंच हे, असं समजून तो सगळं संपवतो आणि पाव आणखी मागवतो. बिलात प्रत्येक वस्तू स्वतंत्र ओळीत हजर! हात लावला नसता तर पैसे पडले नसते. पण घरी 'पानात टाकायचं नाही' हाच पहिला संस्कार. शाकाहारी म्हणून मागवलेलं सूप हिरवंगार येतं, बटाटा आणि कोबीच्या जातीची भाजी घातलेलं. त्याच्या मधोमध तरंगत असते चकती, गोव्यात ज्याला चोरिस म्हणतात त्याची. वेटरच्या मते एवढ्याशा चकतीने सूप मांसाहारी होत नाही. या मुद्द्यावर आपल्याकडेही एकमत नाही, तेव्हा वाद नको.

दुपारी बेलेम. वार सोमवार आणि जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो. 1501 साली बांधायला घेतलेल्या या मठाला पूर्वेकडच्या मसाल्यांवरच्या करातून पैसा मिळाला. म्हणजे आपल्याच मिरीवर उभ्या राहिलेल्या भिंती आपल्या माणसाने तिकीट काढून बघायच्या, तर तेही सोमवारी नाही. वास्को आत निजलाय. नदीकाठी शोधकांचं दगडी स्मारक आहे. सर्वांत पुढे उभा आहे राजपुत्र हेन्री, 'नाविक' म्हणून जगप्रसिद्ध. शोधमोहिमांवर तो स्वतः कधी गेला नाही, माणसं पाठवली. प्रवास न करता प्रवासी म्हणून पुढे उभं राहण्याची कला तेव्हापासूनची आहे. हे स्मारक 1940 च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं, 1960 मध्ये दगडात पक्कं केलं. पुढच्याच वर्षी 19 डिसेंबरला गोवा गेला. सरकारांनी स्मारकं पक्की करायला काढली की समजावं.

चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हाची एक पोर्तुगीज घंटा नाशकात नारोशंकराच्या देवळावर अजून टांगलेली आहे. शिलेदाराला हे ठाऊक नाही तेच बरं, नाहीतर त्याने तिथल्या तिथे हिशेब चुकता झाल्याची पोस्ट टाकली असती.

संध्याकाळी रुआ ऑगस्टावर एक जण जवळ येऊन कुजबुजतो, 'हशिश?' शिलेदार घाबरून पळतो. घाबरण्याचं कारण नव्हतं. या भागात चरस म्हणून जे खपवतात, तो बहुधा लॉरेलच्या वाळक्या पानांचा दाबलेला गोळा असतो, आपल्या तमालपत्रासारखा. ज्या गावाने मसाल्यांसाठी अर्धं जग पालथं घातलं, तिथे आता मसालाच अमली म्हणून विकावा लागतो. बाजार असे पडतात.

तेवढ्यात आईचा फोन. तिकडे मध्यरात्र होत आली आहे. 'जेवलास का?' तो म्हणतो, 'मी इथे स्वतःसोबत वेळ घालवतोय.' ती म्हणते, 'ते कळलं, जेवलास का?'

तेव्हा शिलेदाराचा मोर्चा बेन्फोर्मोझो गल्लीत वळतो. दोन्ही बाजूंना बांगलादेशी आणि भारतीय दुकानं. हा तोंड उघडण्याआधीच काउंटरवरचा सिल्हेटचा भाई हिंदीत सांगतो, 'मॅगी पीछे, तीसरा रॅक.' तिसऱ्या रॅकशी तशाच पाठपिशव्या लावलेले आणखी तिघं शोधक उभे असतात. एक कोथरूडचा, एक नाशिकचा, एक नागपूरचा. तिघेही एकटेच आलेले, स्वतःला शोधायला. उद्या जवळच्या सिंट्रा गावाला जायचं तर रोसिओवरून स्वस्तात लोकल आहे, पण चौघं असताना लोकलने कोण जातं? टॅक्सीचं भाडं चौघांत वाटलं जातं, ग्रुप बनतो, नाव 'सोलो सिंट्रा'. नाशिककर ॲडमिन होतो आणि रात्रीच पहिली सूचना टाकतो: सकाळी बरोबर आठला खाली जमावे, उशिरा येणाऱ्यांसाठी गाडी थांबणार नाही. नागपूरकर लगेच विचारतो, नाश्ता त्यातच धरलाय की वेगळा?