न पाहिलेल्या मालाची बोली : नवोदितांसाठी मार्गदर्शिका

दूरस्थ लिलावखरेदी म्हणजे न पाहिलेली वस्तू, न पाहिलेल्या माणसाकडून, न पाहिलेल्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त पैसे मोजून विकत घेणे. एके काळी हा छंद संस्थानिकांना परवडत असे. आता तो क्रेडिट कार्ड असलेल्या कोणालाही न परवडता करता येतो. १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार यांनी पुढे ई-बे म्हणून ओळखले गेलेले लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर होता. त्याला १४.८३ डॉलर आले. तो बिघडलेला आहे हे घेणाऱ्याला आधीपासून ठाऊक होते. या व्यवसायाची पुढे झालेली प्रगती पाहता, ही शेवटची प्रथा मात्र मागे पडलेली दिसते.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे दोन डुकरे उदाहरणादाखल घेतली आहेत. पहिले डुक्कर फियाट : १९५३ मध्ये इटलीत अवतरलेली आणि मग कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून आपल्याकडे रस्त्यावर आलेली १०८९ सीसीची फियाट ११००, जिची पुढची दारे उलटी उघडत. दुसरा १९११ चा, पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. राजाच्या पोशाखावर कोरलेला इवलासा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, पुढच्या वर्षीच्या नाण्यावर हत्तीची सोंड सुधारून घेण्यात आली आणि आधीची बहुतेक नाणी वितळवली गेली. नाणेसंग्राहक त्याला ‘पिग रुपी’ म्हणतात. तो दुर्मिळ असल्यामुळे त्याच्या नकला मुबलक आहेत. पहिल्या डुकराला सुटे भाग लागतात, दुसऱ्याला फक्त गिऱ्हाईक लागते.

खरेदीची पहिली पायरी वस्तूची निवड. बोलीदाराने आधी फोटो पाहून प्रेमात पडावे आणि मग त्या प्रेमाला पुष्टी म्हणून वर्णन वाचावे. उलट क्रमाने गेल्यास सहसा खरेदी होत नाही. वर्णनाची परिभाषा थोड्या सरावाने समजते. ‘अनटेस्टेड’ म्हणजे विकणाऱ्याने वस्तू तपासली, ती चालत नाही असे त्याला आढळले आणि याविषयी कोणाशी बोलायचे नाही असे त्याने ठरवले. ‘पॅटिना’ म्हणजे गंज, अधिक किंमत. ‘बार्न फाइंड’ म्हणजे गोठ्यात सापडलेली गाडी. ती मुळात गोठ्यात का नेऊन ठेवली होती हे विचारणे अप्रशस्त समजले जाते. ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणजे साठ-पासष्ट वर्षे खोक्यातच राहिलेला, कधीही न वापरलेला भाग. पत्र्याच्या भागाच्या बाबतीत ही खरोखरच आनंदाची गोष्ट असते. ब्रेकचे होज, ऑइल सील, इंजिनाखालचे माउंटिंग यांच्या बाबतीत नसते, कारण रबर गाडीला लावले नाही तरी म्हातारे होते, कडक पडते, चिरते. असा सील न वापरलेला असतो आणि न वापरण्याजोगाही असतो.

मराठी वर्तमानपत्रांतल्या बँकांच्या लिलाव-नोटिसा नेमाने वाचणाऱ्याला या सगळ्याची पूर्वतयारी असते. ‘जसे आहे जेथे आहे’, ‘जसे आहे जे आहे’ आणि ‘जे काही आहे तेथे आहे’ या तत्त्वांवर तेथे जप्त केलेल्या गाड्यांपासून पिठाच्या गिरण्यांपर्यंत सर्व काही विकले जाते. वेदान्ताच्या दृष्टीने हे विधान निर्दोष आहे. ग्राहकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की तक्रारीला जागा नाही.

फोटोंच्या बाबतीत एक नियम सांगता येतो : जी बाजू पाहायला हवी, तिचा फोटो नसतो. बंपरचे समोरून सात फोटो असतात, मागच्या बाजूचा एकही नसतो. गंज मात्र मागूनच खात येतो. क्रोमवर पाणी शिंपडून फोटो काढला की गंजालाही चकाकी येते. फोटोत दोन हेडलाइट असले तरी किंमत एका नगाची असते, आणि दुसरा केवळ तुलनेसाठी ठेवला होता हे नंतर कळते. रुपयाच्या बाबतीत सगळा न्याय हत्तीच्या सोंडेवर अवलंबून असल्यामुळे फ्लॅशचा झोत नेमका सोंडेवर पडलेला असतो. खऱ्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम; ओतीव नकलेच्या कडेवर बहुधा साच्याची शिवण दिसते. म्हणून वजन आणि कडेचा फोटो मागावा. उत्तर येते की विकणारा या विषयातला जाणकार नाही, ही आजोबांच्या पेटीतली वस्तू आहे आणि फोटो पाहूनच निर्णय घ्यावा. ज्यांच्या पेट्यांतून हा माल निघतो ते आजोबा, संख्येवरून पाहता, अत्यंत संग्राहक वृत्तीचे होते. प्रमाणित नाणे प्लास्टिकच्या सीलबंद डबीत मिळते, हे ऐकून ज्यांना हायसे वाटेल त्यांनी नोंद घ्यावी की बनावट डब्याही मिळतात.

सुट्या भागांसाठी आणखी एक अभ्यास लागतो, तो दिशांचा. ‘ड्रायव्हरच्या बाजूचे दार’ हे शब्द इटलीत लिहिले असतील तर ते दार डावे असते. पुण्यात ते उजवे असायला हवे. ड्रायव्हर कुठे बसतो यावर स्टीअरिंगची पेटी, पेडलांचे दांडे, वायपरची जोडणी आणि डॅशबोर्ड असे सगळेच अवलंबून असते, म्हणून इटलीहून मागवलेला सुरेख डॅशबोर्ड कोथरूडमध्ये गाडीत न बसता भिंतीवर बसतो. रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालवणाऱ्या देशांतले, एका बाजूला जास्त प्रकाश टाकणारे हेडलाइट आपल्याकडे बसवता येतात, पण त्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. हा दोष आपल्या रस्त्यांवर फारसा उठून दिसत नाही, ही वेगळी गोष्ट.

आता प्रत्यक्ष बोली. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले की जिंकणाऱ्याने स्वतःची नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाची बोली भरायची असेल, तर प्रत्येकाने आपल्या मनातली खरी कमाल किंमत सांगणेच हिताचे ठरते. त्यांना पुढे नोबेल मिळाले. बोलीदाराच्या वतीने यंत्राने टप्प्याटप्प्याने बोली वाढवण्याची आजची पद्धत बरीचशी याच तत्त्वावर चालते. तिची एकच अट आहे : कमाल किंमत आधी ठरवावी आणि मग बदलू नये. ‘तुमची बोली मागे पडली आहे’ हा संदेश मोबाइलवर आल्यानंतर ही अट पाळली गेल्याचे प्रसंग थोडे आहेत.

१९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्बेल या अमेरिकी तेलकंपनीतल्या तिघांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून एक अप्रिय गोष्ट मांडली. जमिनीखाली किती तेल आहे याचा प्रत्येक कंपनीचा अंदाज वेगळा असतो आणि लिलाव जिंकते ती सर्वांत भाबडा अंदाज करणारी कंपनी. जिंकणे हाच आपण चुकल्याचा पुरावा. तेलाला लागू पडते ते बंपरलाही पडते. जगभरात डुक्कर फियाट जपणारे जे कोणी जागे होते, त्या सर्वांनी ज्या आकड्याला हात वर केले त्या आकड्यापुढे एकटा बोलीदार जातो, तेव्हा त्याला ते यश वाटते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात वस्तू हातात घेऊन, ठोकून, नावे ठेवून भाव खाली आणता येतो. पडद्यावर तो फक्त वर जातो.

प्रतिस्पर्धी खरे असतीलच असे नाही. राखीव किमतीपर्यंत पोहोचेतोवर लिलावदाराने खोलीतल्या कोणाकडे तरी पाहिल्यासारखे करून काल्पनिक बोल्या पुकारायच्या, हा काही ठिकाणी रीतसर चालणारा प्रघात आहे. ती बोली झुंबराने लावली असे तेथे म्हणतात. दूरस्थ बोलीदाराला खोली दिसत नसल्यामुळे तो झुंबराशी जिद्दीने लढतो. भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे ६४ वे कलम या बाबतीत कडक आहे : विकणाऱ्याने आधी जाहीर करून हक्क राखून ठेवला नसेल तर त्याला स्वतः किंवा हस्तकामार्फत बोली लावता येत नाही, आणि भाव फुगवण्यासाठी खोटी बोली लावली गेली असेल तर घेणाऱ्याला व्यवहार मोडता येतो. हातोडा पडेपर्यंत आपली बोली मागे घेण्याची मुभाही हेच कलम देते. अर्थात हा कायदा भारतातल्या लिलावांसाठी आहे, आणि बंपर इटलीत आहे.

वेळेचेही भान ठेवावे. लंडनचा सकाळी अकराचा लिलाव हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी साडेचारला आणि उन्हाळ्यात साडेतीनला सुरू होतो, कारण तिकडे घड्याळे वर्षातून दोनदा सरकवतात. हे विसरलेला बोलीदार तासभर उशिरा पोहोचतो आणि त्याचे पैसे वाचतात. नुकसान टाळण्याचा याहून स्वस्त उपाय या शास्त्राला माहीत नाही.

‘एक वार, दोन वार, तीन वार’ झाले की आनंदाचा भाग संपतो आणि हिशेबाचा सुरू होतो. बोलीची रक्कम ही किंमत नसून किमतीची प्रस्तावना असते. घेणाऱ्याकडूनही कमिशन घेण्याची पद्धत ख्रिस्टीज आणि सदबीज यांनी लंडनमध्ये १९७५ मध्ये सुरू केली. मोठ्या लिलावगृहांत ते आता पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते. समजा, बंपरवर हातोडा ३०० युरोंना पडला आणि कमिशन पंचवीस टक्के आहे. ७५ युरो कमिशन, त्यावर इटलीतला २२ टक्के कर, म्हणजे आणखी साडेसोळा, एकूण ३९१.५० युरो, आणि बंपर अजून तेथल्या गोदामाबाहेरही पडलेला नाही. पुढे बांधणावळ, गोदामभाडे, विमा आणि बँकेचे परकीय चलनावरचे शुल्क. कुरिअरवाले वजन नव्हे, आकार तोलतात : लांबी, रुंदी आणि उंचीच्या सेंटिमीटरांचा गुणाकार करून त्याला ५००० ने भागतात. १६० × ३० × २५ चे खोके म्हणजे चोवीस किलो, आत बंपर असो की हवा. सीमाशुल्क आकारताना वस्तूच्या किमतीत भाडे आणि विमाही धरतात, त्यामुळे वाहतुकीवर केलेल्या खर्चावरही कर भरण्याचा मान मिळतो. विकणारा उदार मनाने ‘खोक्यावर भेटवस्तू, दहा युरो असे लिहितो’ म्हणाला, तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. खोटे मूल्य सांगणे हा सीमाशुल्क कायद्याखाली गुन्हा आहे. आणि खोके हरवले तर भरपाई दहा युरोच मिळते.

त्यातच, भारताच्या परकीय व्यापार धोरणानुसार यंत्रांसारखा भांडवली माल सोडून इतर वापरलेला माल परवान्याशिवाय आयात करता येत नाही. म्हणजे बंपर वर्णनाप्रमाणे खरोखर १९५७ च्या गाडीचा निघाला तर तो अडकू शकतो; विकणाऱ्याने फसवून नवा बनवलेला पाठवला असेल तर या अटीतून सुटतो. येथे फसलेला ग्राहक कायद्याच्या बाजूने उभा राहतो. तो नवा बनवलेला भाग मूळचा इथलाच असण्याचीही शक्यता असते. जुन्या जीपचे आणि स्कूटरचे भाग घडवून परदेशी पाठवणे हा भारतातला जुना धंदा आहे. लँब्रेटाची तर यंत्रसामग्रीच सत्तरच्या दशकात इटलीहून लखनौला आली. तेव्हा लंडनहून युरोपियन म्हणून मागवलेल्या भागाला खोके उघडल्यावर भारतीय मातीचा वास आला, तर नवल करू नये.

हातोडा पडल्यावर माल बिघडला तर जोखीम बहुधा घेणाऱ्याची, हे लिलावगृहांच्या अटींत बारीक अक्षरांत असते. याला एक प्रसिद्ध अपवाद आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनच्या सदबीजमध्ये बँक्सीचे ‘गर्ल विथ बलून’ हे चित्र सुमारे साडेदहा लाख पौंडांना फोनवरून विकले गेले, आणि हातोडा पडताच चौकटीत लपवलेल्या यंत्राने त्याच्या निम्म्या भागाच्या चिंध्या केल्या. घेणारीने व्यवहार मोडला नाही. तीन वर्षांनी त्याच चिंध्या सुमारे १ कोटी ८६ लाख पौंडांना गेल्या. मडगार्डच्या बाबतीत असे घडल्याची नोंद नाही.

माल परत करण्याचे प्रकरण छोटे आहे. दुरून केलेली खरेदी चौदा दिवसांत रद्द करण्याचा हक्क युरोपीय महासंघाने ग्राहकांना दिला आहे. ज्या सार्वजनिक लिलावाला ग्राहक प्रत्यक्ष हजर राहू शकला असता, त्याला त्यातून वगळले आहे. बोलीदार तूरिनला गेला नाही हा त्याचा प्रश्न. रुपयाची गोष्ट याहून सुरस आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचे नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. लंडनहून आलेला १९११ चा रुपया बनावट वाटल्यास तो परत पाठवण्यासाठी आधी तो पुरावस्तू नाही हे सिद्ध व्हावे लागते, आणि वाद झाला तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय अंतिम असतो. दरम्यान विकणारा लंडनमधून नाणे अस्सल असल्याचे ठामपणे सांगत असतो, म्हणजे ते परत पाठवू नये या बाजूची साक्ष देत असतो.

उरतो मार्ग पुनर्विक्रीचा. त्यासाठी वस्तू पुन्हा लिलावात ठेवावी, फोटो समोरून काढावेत, सोंडेवर फ्लॅश मारावा आणि वजन विचारणाऱ्याला आजोबांविषयी सांगावे. फक्त एक लक्षात असू द्यावे : लिलावगृहे विकणाऱ्याकडूनही कमिशन घेतात.